शांत पंखा

१४ मार्च

चि. पान्या,

अनेक आशीर्वाद.

खटखट खटखट खटखट, आणि मध्येच एक टक्. सकाळपासून हा आवाज कानात बसलाय. तुझ्या आईचं शिवणयंत्र. मी आठ वर्षांचा, ती तेराची. ती पायाने यंत्र चालवायची आणि मी खाली बसून दुसऱ्या दिवशीची कविता पाठ करायचो, तीही यंत्राच्या तालावर. कापड वळवायला ती थांबली की मीही चरणाच्या मध्येच थांबायचो. वर्गात गुरुजींनी विचारलं, "इथे का रे थांबलास? इथे यती नाही." मी म्हटलं, "इथे बाही वळते, गुरुजी." सगळा वर्ग हसला होता. ताईला सांगितलं तर ती महिनाभर मला 'बाहीकवी' म्हणत होती. ताई जाऊन किती वर्षं झाली, तूच मोज. आवाज मात्र अजून जायला तयार नाही.

असो. तुझी यंत्रं दुरुस्त करण्याची विद्या आता मामाच्या कामी यायची आहे. लहानपणी हाताला पाना लागला की तू घरातली प्रत्येक वस्तू उघडून बसायचास, म्हणून तुझं नाव पान्या पडलं. माझं घड्याळ तू तीनदा उघडलंस आणि दोनदाच बंद केलंस, हे मी विसरलेलो नाही.

माझ्या लेकाचा, तुझ्या दादाचा संगणक त्याच्या खोलीत अजून तसाच आहे. दादा गेल्याला मे महिन्यात दोन वर्षं होतील. मी त्यावर जुन्या क्रमिक पुस्तकांतल्या आठवतील तेवढ्या कविता उतरवून ठेवतो. पण हल्ली दुपारी बाराच्या सुमाराला त्याला ताप भरतो. पेटी हाताला चटका देते आणि एकदम सगळं बंद पडतं. चौकातला दुकानदार येऊन गेला. म्हणाला, "आजोबा, नवा घ्या, नाहीतर यात पाण्याच्या नळ्या फिरवू." किंमत ऐकून मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. पेन्शनमधून मामीची औषधं आणली की उरतं ते बेताचंच. त्याचा ताप कमी खर्चात कसा उतरेल, एवढं कळव.

फोन करू नकोस, पत्रच लिही. फोन वाजला की मामी दारात येऊन उभी राहते आणि कोणाचा, कोणाचा विचारत राहते. तिचं विसरणं वाढलंय.

तुझा,
मामा


२१ मार्च

ती. मामांना,

सा. नमस्कार. पत्र आलं तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. हस्ताक्षर ओळखलं आणि दोघांना म्हटलं, बसा, माझ्या मामाचं पत्र आहे. एक निघून गेला, पण जाऊ दे.

आधी ती पाण्याची नळी डोक्यातून काढा. आपल्याला सायकल हवीय आणि तो माणूस विमान दाखवतोय. दादाचं यंत्र चांगलं आहे, आतला जीव धडधाकट आहे, त्याला थंड ठेवायचं एवढंच. त्यासाठी पैसे नंतर, हात आधी.

वायर काढा. बाजूचा पत्रा उघडा. आत धुळीची गोधडी असेल, ती रंगाच्या मऊ ब्रशने काढा. झटकताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. मग पंखा आणि त्याखालचा धातूचा ठोकळा अलगद काढा. खाली एक चौकोनी चकती दिसेल. तीच तापते. तिच्यावर राखाडी लेप असेल, वाळून माती झालेला. तो पुसा आणि सोबत पाठवलेल्या नळीतली नवी पेस्ट लावा, तांदळाच्या दाण्याएवढी. ही दात घासायची पेस्ट नव्हे हं. सांगतो, कारण एका गिऱ्हाइकाने खरंच तीच लावली होती. यंत्र उघडलं तर दुकानभर पुदिन्याचा वास.

पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. तिलाही मागे श्वास घ्यायला जागा लागते. एवढ्याने बरंच थंड होईल. नाही झालं तर पंखा बदलू. नवा घ्यायची गरज नाही, माझ्याकडे मोडीत निघालेल्या यंत्रांतले चांगले पंखे पडून असतात.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय सांगू? काम झालं की बंद करा. कविता उतरवायला सकाळी सातपासून चालू कशाला ठेवता? तुम्ही बाराला बंद पडतो म्हणता, इतकं तापायला पाचेक तास लागतात, त्यावरून मी हिशेब केला. खरं सांगा, चोरून पत्ते तर खेळत नाही ना?

मामींना नमस्कार.

आपला,
पान्या


३० मार्च

चि. पान्या,

अनेक आशीर्वाद.

सगळं केलं. मामी दुपारची झोपली होती तेवढ्या तासाभरात उरकलं. धूळ म्हणावी का तिला, बोटभर जाडीचा लोकरीचा थरच होता. वरची धूळ टाकून दिली. अगदी तळाशी, कोपऱ्यात होती ती मात्र कागदाच्या पुडीत बांधून ठेवलीय. दोन वर्षांपूर्वीचीही त्यात असेलच की थोडी. हसू नकोस.

लेपाच्या बाबतीत माझं चुकलं. तांदळाचा दाणा म्हणजे शिजलेला की कच्चा, हे तू लिहिलं नव्हतंस. मी गुडघ्याला मलम चोळतो तसा चोळला. बाहेर आलेला पुसून घेतला. आता दुपारी दोनपर्यंत टिकतो. दोन तास कमावले, पण उन्हाळा अजून पुढे उभा आहे.

पंखाच थकलाय, पान्या. घुर्र घुर्र घुर्र, आणि चौथ्या फेऱ्याला टिक. अगदी मात्रा मोजून. दम लागलेला म्हातारा जिना चढत असावा असा. दर दुपारी मधेच अडतो आणि मग ताप चढतो.

तू म्हणतोस बंद करा. ते जमणार नाही. सकाळी सात ते रात्री जेवणं होईपर्यंत तो चालूच राहायला हवा. कारण विचारू नकोस. मामाचं खूळ समज. माझी मागणी साधी आहे. मला तो शांत हवाय. कमीत कमी खर्चात, पण शांत. तेवढं कर, म्हणजे मीही शांत होईन.

पत्ते मी उघडपणे खेळतो, आणि हरतो.

तुझा,
मामा


७ एप्रिल

ती. मामांना,

सा. नमस्कार. चूक माझीच, दाणा कच्चा. पुढच्या गिऱ्हाइकाला आठवणीने सांगेन.

तुमचं पत्र एका जाणकारांना वाचून दाखवलं. दादाच्या यंत्रासारखी यंत्रं त्यांच्या हाताखालून गेलेली आहेत. त्यांचं म्हणणं पडलं की पंखाच बदला, पेटीत दुसरं काही करायची गरज नाही. म्हणून सोबत पंखा पाठवतोय. एका कार्यालयाच्या यंत्रातला आहे, वापरलेला, पण माझ्या दुकानातला सगळ्यात शांत. तुम्ही शांत हवा म्हणून दोनदा लिहिलंत, घरघरीला कंटाळलेले दिसता. मी सहा पंखे एकामागून एक लावून कानाशी धरून पाहिले आणि हा निवडला. चालू आहे की बंद, कानाला कळणारसुद्धा नाही. आणि थंड ठेवण्यात जुन्याच्या दुप्पट. पैशांचं नाव काढायचं नाही.

चार स्क्रू आहेत. आडवे-तिरपे आवळा, एका बाजूचे दोन्ही लागोपाठ नको. आणि जाणकारांनी आठवणीने सांगितलंय, पत्र्याचा खालचा खटका तुटका आहे, तेव्हा पत्रा काढताना खालून हात लावून धरा, नाहीतर पायावर पडेल.

जुना पंखा भंगारात द्या. त्याचे दिवस भरले.

आपला,
पान्या


२ मे

चि. पान्या,

अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तुझी दोन कार्डं आली, ती वाचली. पंखा उत्तम आहे. तू जे जे लिहिलंस ते सगळं तो करतो. चूक तुझी नाही. छत्तीस वर्षं मी मुलांच्या वह्यांत लाल शाईने चुकीच्या शब्दांना गोल केले, आणि माझ्या पत्रात एक शब्द चुकला. तो शब्द शांत.

तुला खरं सांगायला हवं.

दादा गेला त्या दिवशी सकाळी नऊला तो खोलीत जाऊन बसला होता. सूनबाई बाहेर कामाला गेलेली. मी साडेअकराला त्याला चहा विचारायला उठलो, तर मामी म्हणाली, "पंखा चालू आहे ना, कामात आहे. हाक मारू नका." आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून तो पंखा ऐकत होतो. दीड वाजता जेवायला बोलवायला मी आत गेलो. खांद्याला हात लावला. पुढचं तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, नऊ-साडेनऊलाच गेला असणार. चार तास फक्त पंखा चालू होता.

मामीच्या मनातून तो दिवस पुसला गेला. मागचे-पुढचे बरेच पुसले गेले. पंखा तेवढा राहिला. त्याची घुर्र घुर्र घुर्र टिक चालू असली की तिच्या लेखी दादा आत काम करत असतो. ती शांतपणे भाजी निवडते, फडकी घड्या करते, मला हळू बोला म्हणते. खोलीत कधी डोकावत नाही, कारण तो कामात आहे. कवितांचं निमित्त मी तुला खोटंच सांगितलं. आतापर्यंत उतरवल्या त्या सगळ्या मिळून अकरा.

ताप उतरवायचा म्हणजे काय करायचं, त्याला सरळ शब्द आहे. तुझ्या प्रत्येक पत्रात तो येतो आणि मी त्याच्यावरून उडी मारून पुढे वाचतो. त्या दुपारी खांद्याला हात लावला तेव्हा पहिला तोच शब्द मनात आला होता. तेव्हापासून मला तो लिहिता येत नव्हता. आज लिहितो. थंड. मला यंत्र थंड हवं होतं, पान्या. शब्दाला वळसा घालायला गेलो आणि 'शांत' लिहून बसलो.

सोळा एप्रिलला पंखा बसवला. आडवे-तिरपे आवळले. खाली भंगारवाला हाक मारत होता, जुना पंखा त्याला देऊन आलो. वर येऊन यंत्र सुरू केलं. हिरवा दिवा लागला. पाती फिरताना दिसत होती, आणि खोलीत माझ्या श्वासाखेरीज काही नव्हतं. मला वाटलं, वा. ताप उतरवण्याच्या नादात आवाजच गेला, हे त्या क्षणी ध्यानातच आलं नाही.

हात धुवायला गेलो. तेवढ्यात मामी खोलीच्या दारात आली. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिने खुर्ची पाहिली. "कुठे गेला हा?" म्हणाली. मी साबणाच्या हातांनी बाहेर येईपर्यंत जिन्याचं दार उघडं होतं. तीन तासांनी सापडली, बसथांब्यावर. घरातल्या सपाता पायात. उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती, "उंच आहे, चष्मा आहे, पाहिलात का?"

आता रोज विचारते. बाहेर गेलाय म्हटलं की दाराशी खुर्ची टाकून बसते आणि जेवत नाही. एके दिवशी मला सोसवेना आणि मी खरं सांगितलं. ती रडली तशी तेव्हाही रडली नव्हती. उन्हं उतरेपर्यंत विसरली आणि पुन्हा विचारलं, "कुठे गेला हा?" एकाच माणसाला एकच बातमी किती वेळा पहिल्यांदा सांगायची?

भंगारवाल्याकडे तीनदा जाऊन आलो. माल पुढे गेला म्हणतो.

तुझा,
मामा


८ मे

ती. मामांना,

सा. नमस्कार. पत्र वाचलं आणि दुकान बंद केलं. तुमची घरघर मी तक्रार समजलो. सहा पंखे कानाशी धरत बसलो होतो, त्यातला सगळ्यात खडखडणारा बाजूला टाकताना स्वतःवर खूश झालो होतो. तो आज पुन्हा शोधून काढला. पण त्याची टिक दुसऱ्या फेऱ्याला येते. मामींचा कान फसेल असं वाटत नाही. तरी सोबत पाठवतोय, लावून पाहा.

आता माझंही एक खरं ऐका. ते जाणकार म्हणजे वहिनी, तुमच्या सूनबाई.

रागावू नका. त्या माझ्या गावापासून तासाभरावर राहतात, लहान मुलांची हलती चित्रं करणाऱ्या एका संस्थेत काम करतात. तुमचं दुसरं पत्र आलं त्या आठवड्यात मी त्यांना फोन केला, कारण दादाच्या यंत्राची त्यांच्याइतकी माहिती कोणालाच नाही. तुटका खटका त्यांच्याच हातून तुटलेला. तुमच्याबद्दल त्या वाकडा शब्द बोलल्या नाहीत. फक्त "अजून चालू आहे का?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं, तर त्या लगेच खटक्याकडे वळल्या.

दोन मेचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. विचारायला हवं होतं, नाही विचारलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एक गोष्ट सांगितली, ती लिहितो. दादा घरीच चित्रांना आवाज द्यायचा. त्या आवाजात नेहमी मागून पंखा यायचा. तो काढायला आधी नुसत्या पंख्याचा आवाज वेगळा टिपून घ्यावा लागतो, मग तेवढा वजा करता येतो. त्यासाठी दादा दर वेळी वीस सेकंद गप्प बसायचा. ते वीस सेकंद वहिनींकडे आहेत. असे चाळीसेक तुकडे. घुर्र घुर्र घुर्र टिक. त्याच पंख्याचा. जोडून त्यांचा दिवसभराचा आवाज करता येतो, आणि तुमच्या टेबलावरच्या साध्या स्पीकरवर वाजतो. खर्च शून्य.

एकच अडचण. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी दादा 'झालं' म्हणतो. त्या विचारतात, ते ठेवू की कापू?

नमुन्याचा एक तुकडा त्या लगेच कुरिअरने पाठवतील, बाकीचं तुमचं उत्तर आल्यावर. स्वतः यायचं म्हणत नाहीत. मी आग्रह केला नाही.

आपला,
पान्या


१९ मे

चि. पान्या,

अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही. त्या हक्काला मी आधीच मुकलोय, आणि तो कसा, हे तिने तुला सांगितलेलं दिसत नाही. मग मी सांगतो.

तो गेल्यावर सूनबाई चार महिने इथे राहिली. मामी रोज तिला म्हणायची, "जा गं, त्याला चहाला बोलव." ती पोर रोज त्या दारापर्यंत जायची, रिकाम्या खुर्चीकडे पाहून परत यायची आणि म्हणायची, "नको म्हणाले." चार महिने. मग तिला झेपेना. जाताना तिने एकच मागितलं, तो संगणक. दोघांचं सगळं काम त्यात होतं. मी म्हणालो, "तुला माणूस सांभाळता आला नाही, यंत्र काय सांभाळशील?" एवढंच. तिने पिशवी उचलली आणि गेली. मी ते का बोललो ठाऊक आहे? चार तास पंखा ऐकत चहा पीत बसलो होतो तो मी. ती नव्हती. कोणावर तरी टाकायचं होतं.

या वाक्याला लाल गोल करून चालणार नाही, हे मला कळतं. तू तिला काही सांगू नकोस. सांगायचं ते मीच सांगायला हवं, आणि अजून मला शब्द सुचलेला नाही. दोन ओळी लिहितो, फाडतो. वर्गात म्हणून दाखवलेल्या शेकडो कविता तोंडपाठ आहेत, त्यांतल्या एकीतही सासऱ्याने सुनेची माफी मागितलेली नाही.

'झालं' बद्दल पाच दिवस विचार केला. ठेव म्हणावं तर मामी लगेच उठेल, काम झालं म्हणून ताट वाढायला घेईल. म्हणून काप म्हणावं. पण कापलेले तुकडे टाकू नकोस म्हणावं. मला ऐकायचेत, कधीतरी.

तुझा खडखडणारा पंखा लावून पाहिला. मामीने क्षणभर कान दिला आणि म्हणाली, "हे कोण आलंय त्याच्या खोलीत?" काढून ठेवला. आता रोजचा दिवस असा, सकाळी ती दाराशी बसते, मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसतो. ती विचारते, मी काहीतरी उत्तर देतो. बाहेर गेलाय. येईल. कामाला गेलाय. एकही उत्तर तिला पुरत नाही. कुरिअर अजून आलेलं नाही. परवा दोन वर्षं

पान्या, वाक्य अर्धं राहिलं, कारण बेल वाजली. आता तासाभराने पुन्हा लिहायला बसलोय.

मला वाटलं, कुरिअरवाला. मामी दाराशीच होती, तिने माझ्याआधी उघडलं. दारात सूनबाई. केस कापलेत, वाळलीय, खांद्याला तीच पिशवी. मला पाहून तिने मान खाली घातली. मी उभा राहिलो तो तसाच, चष्मा हातात. मामी तिच्या मागे जिन्याकडे पाहत होती, डोकं एका बाजूला करून, अजून कोणी वर चढतंय का म्हणून.

"एकटीच?" तिने विचारलं. "तो?"

मी डोळे मिटले. बाहेर गेलाय म्हणेल की खरं सांगेल, दोन्ही मला माहीत होतं आणि दोन्हींनी काय होतं तेही.

सूनबाई म्हणाली, "नाही आला, आई."

एवढंच. खोटं नाही आणि खरंही सगळं नाही. इतक्या दिवसांत मला हे दोन शब्द सापडले नव्हते. मामीने तिच्याकडे नीट पाहिलं, जिन्याकडे एकदा पाहिलं, मग दारातली आपली खुर्ची उचलून बाजूला सारली.

"बरं," ती म्हणाली. "तू तरी आत ये."